प्रिय कोरड्या

कोल्हापूर, रविवार

प्रिय कोरड्या,

या नावानं ही शेवटची हाक. वर्षभर पत्र नाही, फोन नाही, त्याबद्दल शिव्या घाल. पण पूर्ण वाचून झाल्यावर घाल. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच आहे.

आपली यामाहा आरएक्स १०० गाडी मी उघडली. तुझ्या काकांच्या गोठ्यातून टेम्पोत घालून आणली आणि आपल्या चाचा मेकॅनिकच्या दारात उतरवली. म्हातारा गाडीकडं बघून म्हणाला, "ती पोरं अजून जित्ती हायत व्हय?"

बेत असा होता की कंपनीतून आली तशी तिला पुन्हा शंभर करायची. ८९ चं मॉडेल, मूळ ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, माझ्या माळ्यावर पोत्यात जपलेला. बसवायला गेलो तर बसेना. बसेल कसा? ब्लॉक ज्याच्यावर बसतो त्या क्रँकच्या चेंबरचं तोंड आपणच उद्यमनगरात लेथवर वाढवून आणलेलं! स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोन्हींचा ५० मिलीमीटर, म्हणून तेव्हा वाटलं, आरएक्स १३५ चा ब्लॉक चढवणं म्हणजे टोपी बदलायचं काम. पण बोअर, म्हणजे आतला व्यास, शंभरचा ५० आणि १३५ चा ५८. ब्लॉकच्या नळीची जाड स्लीव्ह आत जाईना, तर आपण चेंबरच कापलं. पाटीवर १००, पोटात १३२ सीसी. आता त्या तोंडात शंभरची स्लीव्ह म्हणजे थोरल्याच्या चड्डीत धाकटा.

पण पत्र त्यासाठी नाही लिहीत.

२००३ च्या मेमधली ती रेस. तिसरी लॅप, उडीवरून खाली येताना मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि तू मातीत. मी पळत आलो तो "लागलं का" न विचारता "ऑइल घातलंस का रे?" असं ओरडत. ऑइलचा पंप आपण काढून टाकलेला, त्यामुळं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम तुझं. तू म्हणालास, लिटरला चाळीस मिली, मोजून. मी म्हणालो, खोटं.

आता ऐक. क्रँकच्या बेअरिंगवर तेलाचा थर अजून आहे. काळा, चिकट, पण आहे. कनेक्टिंग रॉड बोटानं फिरवला, कुठं अडकत नाही. ऑइल नसतं तर आधी तीच बेअरिंग गेली असती. पिस्टनचं डोकं मात्र पांढरटलेलं, आणि सायलेन्सरच्या बाजूला ॲल्युमिनियम वितळून रिंगांवर पसरलेलं. चाचानं चष्मा कपाळावर चढवला, पिस्टन डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाला, "हवा घेत हुती."

कुठून? ब्लॉकखालच्या पॅकिंगातून. चेंबर कापल्यावर तयार पॅकिंग बसेना, म्हणून शीट आणून मी कापलं होतं. आईच्या कात्रीनं, आठवतंय? चेंबरातलं पेट्रोल वर नेणाऱ्या ट्रान्सफर पोर्टच्या कोपऱ्यात नखाच्या कात्रणाएवढी कड उरली होती. बरोब्बर तिथंच फाटलंय. पिस्टन वर गेला की चेंबर पेट्रोल ओढणार, तर तिथून नुसती हवा आत. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं ऑइलही कमी. इंजिन तापलं, पिस्टन फुगला, ब्लॉकात अडकला आणि चाक थांबलं. बाहेरून ब्लॉकच्या बुडाला काळा ओघळ होता, तेव्हाही असणार. बघितला कुणी? मी तर तुझ्या अंगावर ओरडण्यात होतो.

तुझं ऑइल बरोबर होतं रे. अख्खी गल्ली तुला कोरड्या म्हणते ती माझ्यामुळं. लग्नाच्या मांडवात मी त्याच नावानं बोंबललो, तुझ्या मेव्हण्यानं अर्थ विचारला आणि तू नुसता हसलास. तेवढं तरी भांडायचं होतंस. (रेसच्या आदल्या रात्री घेतलेले माझे दोनशे मात्र बाकी आहेत. तो हिशोब वेगळा.)

आता अडलंय ते असं. शंभरचं न कापलेलं चेंबर एकाकडं आहे. पण इंजिन नंबर चेंबरवरच असतो. ते बदललं की आरसीशी जुळणार नाही, मग आरटीओत तुझी सही, गाडी अजून तुझ्याच नावावर. नाहीतर १३५ च ठेवायचा, ओव्हरसाइझ पिस्टन घालून, आणि पॅकिंग या खेपेला चाचाच्या हातून. माझा जीव शंभरकडं ओढतो. पण दुसऱ्याचं चेंबर घातलं तर मातीत पडलेली ती गाडी हीच, असं म्हणता येईल का? तीन रात्री हेच चाललंय. बायको म्हणते, एवढा विचार घराच्या कर्जाचा केला असतास तर.

चिमीच्या दहावीचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींचा गुडघा कसाय?

पॅकिंगचा फाटका कोपरा पाकिटात घातलाय. उजेडात धरून बघ. चाचाला शनिवारपर्यंत हात लावू नको म्हणून सांगितलंय. १०० का १३५, तूच सांग.

तुझा,
कात्रीवाला