जीवशास्त्राच्या भावी शिक्षकांचे सराव पाठ प्रयोगशाळेतही व्हावेत

माननीय संपादक महोदय,

बी.एड.चे प्रवेश आणि पवित्र पोर्टलवरील शिक्षक भरती यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात. जागा, गुणवत्ता यादी आणि न्यायालयीन वाद यांची त्यांत सविस्तर दखल घेतली जाते. मात्र या वाटेने येणारा उमेदवार आपला विषय वर्गात कसा शिकवतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गेली सव्वीस वर्षे मी माध्यमिक शाळेत विज्ञानाचा दुसरा भाग, म्हणजे प्रामुख्याने जीवशास्त्र शिकवते आहे आणि दरवर्षी छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव करण्यासाठी, येणाऱ्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांना, म्हणजेच छात्राध्यापकांना, मार्गदर्शनही करते. त्या अनुभवातून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी एका छात्राध्यापिकेने आठवीला ‘पेशी व पेशीअंगके’ हा घटक घेतला. तिचे पाठ टाचण नेटके होते, प्रस्तावनेचे प्रश्न अचूक होते आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींची फळ्यावरची आकृती तर पाहत राहावे इतकी सुबक होती. पाठानंतर मुले सूक्ष्मदर्शीपाशी जमली, तेव्हा तिने पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि आच्छादक काच वरून सरळ दाबली. ती काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडली नाही, तर आत हवा अडकते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मुलांना जाड काळ्या कडांची गोल वर्तुळे दिसली आणि निम्म्या वर्गाने प्रयोगवहीत हवेचे बुडबुडे काढून त्यांखाली ‘कांद्याची पेशी’ असे लिहिले. ‘फळ्यावर तर विटांसारख्या पेशी होत्या, मग इथे गोल कशा?’ असे एका मुलीने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता, पण छात्राध्यापिकेला उत्तर देता येईना. सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन रडली. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, पदवीला तिने प्रथम श्रेणी मिळवली आहे. पण तिचे पदवीचे विषय भौतिकशास्त्र व गणित होते आणि बारावीनंतर तिने सूक्ष्मदर्शीला हात लावलेला नव्हता.

यात तिचा दोष मी मानत नाही. आपल्याकडे माध्यमिक शिक्षक होण्याच्या वाटेवर विषयाची कसोटी लागणारा टप्पाच नाही. बी.एड.ची सीईटी मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभिक्षमता यांवर होते. महाविद्यालयात पुष्कळ ठिकाणी ‘विज्ञान अध्यापन पद्धती’ ही एकच पद्धती असते आणि तीत वनस्पतिशास्त्राचा पदवीधर व भौतिकशास्त्राचा पदवीधर शेजारी बसून एकसारखीच तयारी करतात. त्यानंतर भरतीसाठी होणाऱ्या शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, म्हणजे टेटच्या, 200 गुणांपैकी 120 अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला आहेत. विषयज्ञानाला त्यांत स्थान नाही. टीईटी ही वेगळी शिक्षक पात्रता परीक्षा पहिली ते आठवीसाठी आहे, म्हणजे नववी-दहावीच्या शिक्षकाला तीही लागू होत नाही. मुलाखतीशिवाय झालेल्या भरतीत नियुक्तीच्या दिवसापर्यंत उमेदवाराने एकही प्रयोग कोणाला करून दाखवलेला नसतो. नोकरी लागली की त्याच शिक्षकाकडे दहावीचे दोन्ही भाग येतात आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुणही त्यालाच द्यायचे असतात.

प्रयोगाइतकाच दुसरा विषय मला अस्वस्थ करतो. दहावीच्या ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2’ या पाठात मानवी प्रजनन आणि ऋतुचक्र आहे. हा पाठ ‘घरी वाचून या’ असे सांगून संपवला जातो, हे मी अनेक शाळांतून आलेल्या मुलींकडून ऐकले आहे. पंधरा वर्षांच्या मुलामुलींसमोर न अडखळता, योग्य शब्दांत हे शिकवणे सरावानेच जमते. तरीही इतक्या वर्षांत एकाही छात्राध्यापकाने हा पाठ सरावासाठी निवडल्याचे मला आठवत नाही आणि निरीक्षक प्राध्यापकांनी तो निवडायला लावल्याचेही आठवत नाही.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचे झाले, तेव्हा आम्हा शिक्षकांना मोठी आशा वाटली होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार शाळेतील आंतरवासिता, म्हणजे हाच छात्रसेवाकाल, किमान 20 आठवड्यांची झाली: पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. हा काळ थोडा नाही. पण त्यातला बराचसा भाग पाठ टाचणाच्या वह्या भरण्यात, अहवाल लिहिण्यात आणि गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळण्यात जातो, याला आम्ही शाळावालेही जबाबदार आहोत. महाराष्ट्र ज्या संस्थेच्या कक्षेत येतो, त्या भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत बारावीनंतर विज्ञान आणि शिक्षणशास्त्र चार वर्षे एकत्र शिकवण्याची परंपरा जुनी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोखही चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे आहे. तो सर्वत्र रुजेल तेव्हा रुजेल. आज जे विद्यार्थी बी.एड.ला बसले आहेत, त्यांच्यासाठी तोवर थांबता येणार नाही.

म्हणून विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे, की 16 आठवड्यांपैकी निदान 4 आठवडे विज्ञानाच्या छात्राध्यापकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत काढावेत आणि त्यांच्या मूल्यमापनाला गुण असावेत. ज्याने पदवीला जीवशास्त्र घेतलेले नाही, त्याच्याकडून नववी-दहावीच्या दुसऱ्या भागातील सगळे प्रयोग करवून घ्यावेत, आणि प्रजननाचा पाठ प्रत्येकाने एकदा तरी वर्गावर घ्यावा. यासाठी नव्या इमारती किंवा मोठा निधी लागत नाही. कांदा, रिओ या शोभेच्या झाडाचे पान, आयोडीन आणि चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शी एवढ्यावर सुरुवात होते.

आमच्या मुख्याध्यापकांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास प्रयोगशाळा छात्राध्यापकांसाठी उघडी ठेवण्यास परवानगी दिली आहे. वर उल्लेख केलेली छात्राध्यापिका तिथे सलग सहा शनिवार आली. शेवटच्या शनिवारी तिने रिओच्या पानाची साल काढून पर्णरंध्रे स्वतः शोधली आणि सोमवारी तीच काचपट्टी आठवीला दाखवली.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा