मशीहाची प्रतीक्षा आणि हातातले काम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्यू धर्माविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुतेक वेळा पश्चिम आशियातील युद्धाच्या बातम्यांच्या ओघात येते. राजकारणाची चर्चा व्हायलाच हवी. परंतु त्या गदारोळात या धर्माची शिकवण बाजूला राहते. मराठी बोलणारा एक ज्यू समाज कोकणात शतकानुशतके आपल्याच माणसांत नांदला, याचाही विसर पडतो. म्हणून त्या शिकवणीतील एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. नम्रता, ईश्वरसेवा आणि उद्धाराची आशा ही ज्यू परंपरेत तीन वेगळी प्रकरणे नाहीत. ज्याला स्वतःचे मोठेपण मिरवायचे नाही त्यालाच निरपेक्ष सेवा जमते, आणि अशी सेवा करणाऱ्यालाच हातपाय न गाळता उद्धारकाची वाट पाहता येते.

मोशे हा या परंपरेतील सर्वांत मोठा संदेष्टा. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्याच्याविषयी म्हणते की, पृथ्वीवरील सर्व माणसांत तो अत्यंत नम्र होता. हे वाक्य कोठे येते, ते पाहण्यासारखे आहे. सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलत असताना ते येते. मोशे उलट एक शब्दही बोलत नाही, आणि मिर्यामला त्वचारोग जडतो तेव्हा तिच्या बरे होण्यासाठी देवाचा धावा तोच करतो. हाच मोशे इजिप्तचा राजा फारो याच्यासमोर ताठ मानेने उभा राहिला होता, त्यामुळे नम्रता म्हणजे भित्रेपणा असा अर्थ येथे काढता येत नाही. वल्हांडणाच्या रात्री ज्यू कुटुंबे हग्गादा वाचतात. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेची ती कथा, पण ज्याने लोकांना बाहेर काढले त्या मोशेचे नाव तीत जवळजवळ येतच नाही. सुटका देवाने केली, मोशे त्याचा सेवक. त्याची कबरही कोणाला ठाऊक नाही, असे तोरा सांगते. संतांच्या समाध्यांपुढे माथा टेकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटेल, परंतु माणसाची पूजा सुरू होऊ नये, ही त्यामागची काळजी मला फार मोलाची वाटते.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे मैमोनिदीस हे ज्यू धर्मशास्त्राचे थोर भाष्यकार. स्वभावाच्या बहुतेक बाबतींत माणसाने मध्यममार्ग धरावा, अशी त्यांची शिकवण. गर्वाच्या बाबतीत मात्र मध्यावर थांबून भागत नाही, थेट दुसरे टोक गाठावे, असे ते बजावतात. देवाची सेवा बक्षिसाच्या आशेने किंवा शिक्षेच्या भयाने न करता प्रेमापोटी करावी, हेही त्यांनी आग्रहाने मांडले आहे. त्यांच्या कितीतरी आधी सोखो गावच्या अँटिगोनस या ज्यू आचार्याने हेच सांगितले होते की, मोबदल्यासाठी धन्याची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. मैमोनिदीस हे लिहीत होते ते शतक आपल्या सोलापूरच्या संत सिद्धरामेश्वरांचेही. सिद्धेश्वर तलाव त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी स्वतः श्रम करून खोदला, असे परंपरा सांगते. कायक, म्हणजे श्रम, हीच पूजा मानणाऱ्या या शहराला सेवेचा हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

आता आशेविषयी, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा पापक्षालनाचे स्थानच गेले म्हणून शोक करणाऱ्या शिष्याला रब्बी (धर्मगुरू) योहानान बेन झक्काई म्हणाले की, तितकेच समर्थ दुसरे साधन आपल्याजवळ आहे आणि ते म्हणजे दयेची कृत्ये. त्यांच्याच नावे एक वचन प्रसिद्ध आहे: तुझ्या हाती रोप असेल आणि मशीहा (देवाने पाठवायचा उद्धारक) आला असे कोणी सांगितले, तर आधी रोप लाव, मग त्याच्या स्वागताला जा.

तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातील एक कथा तर वाचकांनी मुळातून वाचावी. रब्बी यहोशुआ बेन लेवी एलियाहू संदेष्ट्याला विचारतो, मशीहा केव्हा येणार? एलियाहू म्हणतो, त्यालाच जाऊन विचार. रोमच्या वेशीवर दुखणाईत गोरगरिबांमध्ये तो बसला आहे. त्याला ओळखायचे कसे? इतर सर्वजण आपल्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि पुन्हा बांधतात. तो मात्र एक सोडतो, ती बांधतो, मगच दुसरीला हात लावतो, कारण न जाणो, बोलावणे आले तर उशीर व्हायला नको. उद्धारक राजवाड्यात नाही, वेशीबाहेर आहे, स्वतः जखमी आहे, आणि क्षणभरही गाफील नाही. केव्हा येणार, या प्रश्नाला तो ‘आज’ असे उत्तर देतो. दिवस उलटतो, तो येत नाही, आणि रब्बी तक्रार घेऊन परततो. तेव्हा एलियाहू स्तोत्रातील वचनाने त्याचा अर्थ उलगडतो: आज, जर तुम्ही देवाची वाणी ऐकाल तर.

शेवटाची तारीख मोजत बसणाऱ्यांना तालमुदाने कडक शाप दिला आहे, तो उगीच नव्हे. १६६६ मध्ये शब्बताई झ्वी या स्वयंघोषित मशीहाच्या नादी लागून देशोदेशीच्या ज्यूंनी घरेदारे विकली, आणि त्याने स्वतःच धर्मांतर केल्यावर त्यांच्या पदरी घोर निराशा आली. मशीहाच्या दिवसांची ओढ जगावर राज्य करण्यासाठी किंवा इतर राष्ट्रांकडून मान मिळवण्यासाठी नसावी, असे मैमोनिदीस निक्षून सांगतात; कोणी छळू नये आणि ज्ञानसाधनेला मोकळीक मिळावी, एवढ्यासाठीच ती असावी. विजयाची ही आकांक्षा नाही, हे ज्यू धर्मावर बोलणाऱ्या प्रत्येकाने, समर्थकाने आणि विरोधकानेही, ध्यानात घ्यावे.

हे सारे मराठीतही उतरलेले आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ ठरलेले बेने इस्रायली, म्हणजे वर उल्लेखिलेला मराठी ज्यू समाज, आजही नवस फेडताना, शुभकार्यात किंवा कोणी आजारातून उठल्यावर मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वेलची एकत्र करून ताटात रचतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन प्रार्थना म्हणतात. मशीहाची वर्दी देणारा संदेष्टा तो हाच. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रूबरोबर मराठी अनुवाद असलेली सचित्र हग्गादा छापली गेली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने आपल्या कीर्तनपद्धतीत मोशे, अब्राहाम यांची आख्याने मराठीतून सांगितली.

आपल्या दैनिकाच्या अध्यात्मविषयक पानावर वारकरी, लिंगायत, जैन आणि सुफी विचारांच्या बरोबरीने या शिकवणीलाही नियमित जागा मिळावी, आणि बेने इस्रायली कीर्तनांपैकी जी उपलब्ध होतील त्यांतील निवडक भाग क्रमशः छापावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर