रविवारचा संगीत क्लास, सगळ्यांनी वाचा

मंडळी नमस्कार, येत्या रविवारपासून माजी सैनिक आणि वस्तीवरच्या पोरांचा क्लास परत सुरू होतोय, सकाळी ९ ला, शाळेच्या हॉलमध्येच. ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात म्हणजे पोरं वाढणार आणि पट्टा पडला (कारखान्याचा गाळप हंगाम संपला) की ती गावी निघून जातात, त्यामुळे शिकवणाऱ्यांनी एकही रविवार बुडवू नका प्लीज.

कुणाच्या घरी पेटी, तबला, ढोलकी नुसती पडून असेल तर शनिवारपर्यंत आणून द्या, पेटीचा भाता फाटलेला असला तरी चालेल, दुरुस्तीचं आपण बघू. तानपुरा मिळाला तर सोन्याहून पिवळं, मिरजेहून नीट करून आणू (तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळालाय, अभिमान वाटतो खरंच).

नवीन व्हॉलंटियर्ससाठी महत्त्वाचं. तोफखान्यात नोकरी झालेल्या काकांना वरच्या पट्टीतले सूर कमी ऐकू येतात, त्यांना खालचा सा द्या आणि समोर बसूनच बोला. झांजा किंवा ढोल वाजवायच्या आधी सांगा, मागून अचानक दणका नको, काहीजण दचकतात आणि मग पुढचा तासभर त्यांचं मन लागत नाही. पोरांना तबल्याच्या शाईला (मधल्या काळ्या गोलाला) ओला हात लावू देऊ नका.

मागच्या सीझनला आर्मी बँडमधले सुभेदार काका चौथीतल्या पोरीकडून "डावा, उजवा" म्हणत केरवा ताल घटवून घेत होते, पोरगी हलायला तयार नव्हती आणि काकाही! अशा जोड्या यावेळी जास्त लावूया.

फी कुणालाच नाही. येणाऱ्यांनी इथंच नाव टाका, नाश्त्याचा अंदाज लागतो.