विषय: एम४२ ते सोनी ई अडॅप्टर, चौथी आणि शेवटची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि. लिहायची इच्छा उरलेली नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाला सांगितलं, जुनी एम४२ (स्क्रूची) लेन्स सोनी ई कॅमेऱ्यावर बसवायचं तुमचं कडं, म्हणजे अडॅप्टर, लावलं की इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूला, फोकस होत नाही. तो म्हणाला, "सर, इन्फिनिटी हे मॉडेल आमच्याकडं नाही. दुसऱ्या कंपनीचं घेतलं असेल." मी शांतपणे (बायको साक्षीदार आहे) सांगितलं की बाबा, लेन्सच्या रिंगवर शेवटी इंग्रजी आठ आडवा पडलेला असतो, तो. कीबोर्डचा आवाज आला. मग म्हणाला, "मग आठवर ठेवू नका ना सर, दुसऱ्या आकड्यावर ठेवून बघा." त्यानंतर अकरा मिनिटं सनई ऐकवली. शेवटी त्याचे सीनियर आले आणि म्हणाले, "जुन्या लेन्सला असंच होतं, नवीन घ्या."

लेन्स माझ्या वडिलांच्या झेनिट या जुन्या रशियन कॅमेऱ्यावरची आहे, हेलिऑस ४४-२. तिला काहीही झालेलं नाही. एम४२ लेन्सला माउंटपासून (लेन्स बसते तिथपासून) फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी लागतात, सोनी ई बॉडीत (कॅमेऱ्यात) सेन्सरपर्यंत १८ असतात. उरले २७.४६, तेवढीच अडॅप्टरची जाडी हवी. ही वजाबाकी तुम्हाला येत असेल असं धरूनच पैसे भरले होते. उद्यमनगरात लेथवाल्याकडं व्हर्निअर लावून मोजलं, तुमचं कडं भरलं २८.०६. हे ०.६ मिमी जास्त म्हणजे ५८ मिमीच्या लेन्सला साधारण अठरा फुटांपलीकडचं सगळं धुरकट. रंकाळ्यावर उभा राहिलो तर भेळेची गाडी लख्ख येते, शालिनी पॅलेस गायब. अठरा फूट! एवढ्यात तर लग्नातला ग्रुप फोटोसुद्धा बसत नाही.

"असल्या अडॅप्टरला इन्फिनिटी मिळतच नाही" असंही मागच्या वेळी ऐकवलं होतं. ते निकॉन एफ बॉडीचं दुखणं आहे, तिथं ४६.५ असतात, म्हणजे लेन्सला लागतात त्याहून आधीच जास्त, म्हणून मध्ये काच घालावी लागते. माझी बॉडी सोनीची आहे, हे चारही वेळा सांगितलं. कॅमेऱ्याला लेन्स ओळखता आली नाही तरी फोटो निघू देणारं "रिलीज विदाउट लेन्स" सेटिंगसुद्धा चालू आहे, ते परत विचारू नका.

मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात स्वतः कॅमेरा बनवला, तिथल्या माणसाला तुम्ही आठ आकडा सोडून द्या म्हणता. तुमच्या कंपनीचं नाव मीच चार मित्रांना सुचवलं होतं, आता ते भेटले की हसतात.

लेथवाला म्हणतो, "एवढंच काढायचं? चहा येईस्तवर हुतंय की." पण मी हात लावू देणार नाही, मग तुम्ही वॉरंटी गेली म्हणाल. सात दिवसांत मापातलं अडॅप्टर किंवा १,४५० रुपये परत हवेत. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, आणि एवढ्या रकमेला तिथं फी लागत नाही.

बदली माल मोजून पाठवा. व्हर्निअर नसेल तर कळवा, उद्यमनगरातून पाठवतो.

एक ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर