फियाट भंगारात जाणार नाही, बाबा

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. (बाबा, मायना चुकला असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून ठेवा, आले की दाखवा.)

फोनवर मी आपल्या जुन्या फियाटच्या दुरुस्तीचा विषय काढला की बाबा "विकून टाक" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई लगेच "जेवलीस का" विचारते, मग जावयाच्या खोकल्याची चौकशी, मग पुण्याला दादाकडचं पाणी कसं मचूळ आहे ते, आणि माझं सांगायचं राहतं ते राहतंच. म्हणून लिहितेय. वहिनीला व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, ती मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. डोळ्यात थेंब घातल्या घातल्या वाचायला बसू नका, आणि एका दमात तर नकोच.

आधी मुद्द्याचं. गाडी विकत नाहीये मी, भंगारात तर नाहीच नाही. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडाच, बदललाय, पैसे देऊन झालेत, आता मागे फिरण्यात काही अर्थ नाही. आणि बाबा, पैसे म्हणजे माझी भिशी लागली होती ते आणि थोडा बोनस, तुमच्या एफडीला हात लावलेला नाही, पासबुक कपाटात आहे तिथेच आहे. जावयांना विचारूनच केलंय. ते उलट रविवारी स्वतः जाऊन नट घासत बसतात, घरातला फ्यूज बदलायला सांगितला तर मात्र उद्या.

काकांनी तुम्हाला जे जे सांगितलं ते खरंच आहे, पण त्यांनी सगळं एकाच फोनमध्ये सांगितलं म्हणून एवढं भयंकर वाटलं असेल, माझ्यावर ते हप्त्याहप्त्याने आलं. पहिला पत्रा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खाली शेडची फरशी दिसली, म्हणजे शेवटी शेवटी तुमचे पाय नुसत्या मॅटवर होते बाबा, आणि आम्हाला सांगायचात पाय नीट ठेवा! डेंटरने सडका पत्रा कापला, नवा वेल्ड केला, लांबी (पुट्टी) भरली, घासली, प्रायमर मारला, आणि कलरच्या आदल्या दिवशी त्याचे सासरे गेले. तो इंडीला गेला तो तेराव्यापर्यंत तिकडेच. तेवढ्यात सप्टेंबरचा तो पाऊस आला, शेडवरचा एक पत्रा सरकला, रात्रभर पाणी गाडीच्या टपावर, प्रायमरला खालून फुगे आले, सगळं परत खरवडावं लागलं. त्याच पावसात सीनेला पूर, लांबोटीला पुणे हायवे बंद, आणि कुर्ल्याहून निघालेला आपला ब्लॉक पुराच्या अलीकडे आहे की पलीकडे हे ट्रान्स्पोर्टवाल्याला पण सांगता येईना. ब्लॉक आला तर उंदीर. नवीन वायरिंग बसवून हेडलाइट लावून बघितले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडचं सगळं कुरतडलेलं. मग पुढची काच. रबराच्या बीडिंगमध्ये सुतळी घालून दोघेजण बसवत होते, शेवटचा कोपरा राहिला होता, तिथेच टक्क झालं आणि अख्खी तिरपी गेली.

आई, काचेचं ऐकल्यावर तू "आता पुरे, ती गाडीच पनवती आहे, आपल्याकडे आल्यापासून तिने कधी सुख दिलं नाही" म्हणालीस ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे लिहायचं होतं. कारण तसं नाहीये. मला आता माहितीय काय झालं होतं ते.

आपला मूळ ब्लॉक आधी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत लेथवर नेला होता. चारही सिलिंडर बोअर करून झाले, ओव्हरसाइज पिस्टन आणून ठेवले, आणि मिस्त्री म्हणाले थांबा जरा. त्यांनी कुठून तरी बाटलीभर रॉकेल काढलं, ब्लॉकला सगळीकडून चोळलं, मग कापडाने एकदम कोरडा केला, वर शाळेतल्या खडूची पूड फासली आणि पोराला चहा आणायला पाठवलं. मला वाटलं कंटाळले वाटतं. चहा पिऊन होईस्तोवर त्या पांढऱ्या पुडीत एक ओली रेघ उमटली होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून निघून खाली पाण्याच्या जॅकेटकडे गेलेली, केसासारखी बारीक. भेगेत शिरलेलं रॉकेल खडू परत बाहेर ओढतो म्हणे. मिस्त्री म्हणाले, "ताई, बीड हाय हे, ओतीव लोखंड, वेल्डिंग मारून काय टिकत नसतंय बघा. लई जुनी भेग हाय. कधीतरी तापल्या इंजिनात गार पाणी ओतलंय की ओ कुणीतरी."

मी काही बोलले नाही तिथे. पण मला लगेच तुळजापूरचा घाट आठवला.

एरवी बाबा गाडी तापली की बॉनेट उघडायचे, खाली दगडावर बसायचे, आम्हाला शेंगा फोडायला द्यायचे, आणि इंजिनला हात लावून बघितल्याशिवाय, गोणपाटाने धरून झाकण हळूहळू सोडल्याशिवाय पाण्याचा थेंब घालायचे नाहीत. कितीही उशीर होऊ दे, कितीही आत्या बडबडू दे. त्या एका दिवशी मात्र थांबले नाहीत. मी मागे आईच्या मांडीवर तापाने फणफणलेली, आईने तोंडाला पदर लावलेला, आणि बाबांनी कुणाची तरी कळशी मागून घेऊन तशीच ओतली, भस्सकन वाफ आली, आणि आपण निघालो. मला तेवढंच आठवतं, वाफ आणि बाबांचा ओला शर्ट. पुढचं तुम्ही दोघांनी सांगितलेलं.

आणि त्यानंतरच ती पाणी मागायला लागली, बघा आठवून. रेडिएटर बदललात, होज बदलले, वॉटर पंप बदललात, तरी डिक्कीत पाण्याचा कॅन कायमचा. बार्शीच्या लग्नाला जाताना, मामांच्या वेळेला, कुर्डुवाडीला ते जे झालं तेव्हा, प्रत्येक वेळी पाणीच. भेग आत होती, बाहेरून कुणालाच दिसली नसती. लोक पनवती म्हणत राहिले, तुम्ही हसत राहिलात.

हे तुम्हाला लिहू की नको असं खूप झालं. बाबा, तुमच्या हातून बिघडली असं कृपा करून मनात आणायचं नाही, रात्री छताकडे बघत तेच उगाळत बसायचं नाही, मी ओळखते तुम्हाला. ब्लॉक काय, कुर्ल्याला मिळाला. त्या दिवशी तुम्ही अर्धा तास शेंगा फोडत बसला असतात तर दुसरी मी कुठे मिळाली असती?

तर तो नवीन ब्लॉक, म्हणजे जुनाच, मुंबईच्या टॅक्सीचा आहे. कुर्ल्यात सीएसटी रोडच्या एका दुकानदाराने सांगितलं, मिळतोय तोवर घ्या, टॅक्स्या भंगारात यायच्या तोवर माल होता. ते खरंय, मुंबईतली शेवटची पद्मिनी, म्हणजे फियाटच, टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाली, आता कुठून येणार. म्हणजे आपल्या फियाटने आता मुंबई पण बघितलेली आहे. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात ना, वालचंदशेठ सोलापूरचे, 1882 साली इथेच जन्मले, त्यांनी 1944 ला प्रीमिअर कंपनी काढली, म्हणजे ही गाडी कुर्ल्यात बनली तरी माहेर सोलापूरच! आता यात कुर्ला आणखी एकदा घाला. इंजिन नंबर बदलतो त्याची आरसीवर नोंद करावी लागते, त्यासाठी ब्लॉकचं बिल जपून ठेवलंय. आरसीचं नूतनीकरण पण त्यातच. वीस वर्षांपुढच्या कारची फी 2025 च्या ऑगस्टपासून 10,000 झालीय, हे वाचून "बघ, म्हणून म्हणत होतो" म्हणू नका, ते मी धरलेलं आहे.

आणि तुमचा मूळ ब्लॉक दिलेला नाही कुणाला. जिन्याखाली आहे, खाली जुनी सोलापुरी चादर घालून. आई, ओरडू नकोस, फाटकीच घेतलीये, लग्नातली नाही.

एक गंमत सांगते. काच आली, वायरिंग परत झालं, गाडी चालू झाली, अगदी छान टकटक न करता, आणि सात रस्ता चौकात येऊन बंद. पेट्रोल चढेना. पंप उघडला तर आतला डायफ्रॅम फुगून लिबलिबीत झालेला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल येतं, आपल्या गाडीचं रबर त्या काळचं, त्याला ते सोसत नाही. म्हणजे बाबा, तुम्ही आयुष्यभर ऊसवाल्यांना नावं ठेवलीत, आता आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचा ऊस आपल्या फियाटने प्यायला आणि ती आडवी झाली. काका ढकलायला आले होते, तेवढ्यात त्यांनी तुम्हाला फोन लावलेला. आता विटॉन रबराचा डायफ्रॅम आणि तशाच नळ्या टाकल्यात, त्यांना इथेनॉल चालतं. टाकी पण आतून साफ करून घेतली, बादलीभर गंज निघाला.

ब्रेकचं मी सगळ्यात आधी केलंय, मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर नवीन. त्यात काटकसर नाही केली.

आता चालवण्याचं. गाडी मी चालवणार. बाबा, रागवू नका, नीट वाचा. काचबिंदूमुळे तुम्हाला डावीकडून येणारं उशिरा दिसतं, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय, तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतात. लायसन्स पण संपलेलं आहे. आणि स्टेअरिंग किती जड आहे ते विसरलात का, उभ्या गाडीत वळवताना माझे खांदे भरून येतात, तुमच्या छातीचं हाड ऑपरेशननंतर आत्ता कुठे जुळतंय. स्टेअरिंगवरचा गिअर मला आता जमतो, विजापूर रोडला पहाटे जाऊन सवय केलीये, सुरुवातीला तिसऱ्याऐवजी पहिला पडायचा आणि जावई देवाचं नाव घ्यायचे. तुम्ही पुढे माझ्याशेजारी बसायचं, खिडकी खाली करून, कोपर बाहेर. चोक किती ओढायचा, आवाज बदलला की काय समजायचं, हे मला कुणी दुसरा सांगू शकत नाही, मिस्त्रींना पण विचारलं तर म्हणतात बाबांना येऊ द्या. आणि खाली गिअर नाही म्हणून मधे जी जागा आहे ना, जिथे मी बसायचे आणि प्रत्येक वळणाला मुद्दाम तुमच्या अंगावर पडायचे, तिथे तुमचा नातू बसणार म्हणतोय. बेल्टचं काय करायचं ते बघतेय, त्याशिवाय नाही बसवणार. रंग तोच ठेवलाय, फिकट निळा. डेंटर म्हणाला मेटॅलिक करू, मी नाही म्हणाले.

आई, तुझ्यासाठी. तुळस बरी आहे, मंजिऱ्या खुडते. पाणी चार-पाच दिवसाआडच येतंय, टाकी भरून घेते, तुझे तांब्याचे हंडे घासून ठेवलेत. यंदा सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षतेला तू नव्हतीस, मला तिथे उभंच राहवेना, पण तुझ्या नावाने अक्षता टाकल्या आणि सिद्धेश्वरांना सांगितलं की बाबांचं चांगलं झालंय, पुढच्या वर्षी ती स्वतः येईल. गाडीला लिंबू-मिरची बांधलीये, खूश? मी मानत नाही, पण तुझ्यासाठी बांधली, आणि त्यानंतर अजून तरी काही फुटलेलं नाही.

दादाच्या हाताने ज्वारी पाठवतेय, मंगळवेढ्याची मालदांडी, आणि कडक भाकरी. शेंगा चटणी पण आहे पण ती आईसाठी, बाबांना एका जेवणाला अर्धा चमचा, मीठ बंद म्हणजे बंद. वहिनी सांगत होती तुम्ही डबा स्वतः उघडता. हे चालणार नाही. रक्त पातळ करायची गोळी जेवणानंतर ठरल्या वेळेला, चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. सकाळी सोसायटीतच चालायचं, गेटबाहेर पेपर आणायला जायचं नाही, दादा आणेल. लिफ्टमध्ये आईला एकटीला सोडू नका, तिला बटणं घाबरवतात हे ती कबूल करणार नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. आणि दोघांनी मिळून वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत, ती फार करते तुमचं.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की दादा तुम्हाला त्याच्या गाडीने आणेल, एसीत, मधे थांबत. फियाट घेऊन पुण्याला मी येणार नाहीये, उगाच तसा हट्ट धरू नका, एवढ्या लांबचा भरवसा अजून मलाच नाही. ती इथे दारात असेल. आधी तळ्यापर्यंत जाऊ, मग बघू. तुळजापूरला थंडीतच जायचं, आणि गार पाण्याचा कॅन मी माझ्या पायाशी ठेवणार.

बाबा, एक काम आहे तुमच्याकडे. डॅशबोर्डच्या कप्प्याची ती छोटी किल्ली सापडत नाहीये. देवघराच्या खणात, शिलाई मशीनमध्ये, तुमच्या मिलच्या डब्यात, सगळीकडे बघितलं. मिस्त्री कुलूप तोडू म्हणतात, मी थांबवलंय. आठवून सांगा, आणि आठवलं की लगेच फोन करा, दुपारी झोपेत असेन म्हणून थांबू नका.

तुमची,
बेबी