'आफ्रिकन-आदिवासी' संचाबद्दल तक्रार आणि तो विक्रीतून काढण्याची मागणी

सातारा
दि. 6 जानेवारी 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वेशभूषा विक्री व भाडे विभाग

विषय : संकेतस्थळावर दाखवलेल्यापेक्षा वेगळा आणि वर्णद्वेषी माल पाठवल्याबाबत

महोदय/महोदया,

मी साताऱ्यातल्या एका मराठी शाळेत चौथीची वर्गशिक्षिका आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने देशोदेशीचे नाच बसवायचं ठरवलं आणि आफ्रिकेतल्या नाचासाठी मी तुमच्या संकेतस्थळावरून 'आफ्रिकन-आदिवासी समूहनृत्य संच' मागवला. फोटोत भडक नक्षीचे सैलसर सुती झगे आणि डोक्याला बांधायचे रुमाल दिसत होते. ते पाहूनच मुख्याध्यापकांनी खर्चाला मंजुरी दिली. वर्गणी पालकांची आहे. त्यातले बरेचजण ऊसतोड, बांधकाम आणि वीटभट्टीवर राबणारे आहेत.

पार्सलमध्ये झगे नव्हते. प्रत्येक पिशवीत होजिअरीचा घट्ट काळा पोशाख, कमरेला गुंडाळायचं बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड, कुरळ्या केसांचा टोप, थर्माकोलचा भाला, प्लॅस्टिकच्या हाडांची माळ आणि नाकात अडकवायचं चाप लावलेलं आणखी एक हाड होतं. सोबत काळ्या रंगाची डबी. डबीच्या झाकणावर मात्र एका गोऱ्यापान, हसऱ्या मुलाचं चित्र. तळाशी मराठीत छापलेला सूचनांचा कागद होता. त्यातला मजकूर जसाच्या तसा देते : 'चेहरा, मान व हात काळे करावेत. ओठ लाल रंगाने जाड दाखवावेत. डोळे मोठे करून भाला उंचावत "झिंगालाला हुर्र" असे ओरडत गोल फिरावे. प्रेक्षक हमखास हसतात.'

हा कागद तुमच्याकडे कुणीतरी बसून लिहिला, कुणीतरी तपासला, कुणीतरी छापायला पाठवला. इतक्या हातांतून जाताना एकालाही तो खटकला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. आधी सांगितलं, रंगाची डबी उघडली असेल तर माल परत घेतला जात नाही. मी मालाच्या स्वरूपाबद्दल बोलायला लागल्यावर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, फॅन्सी ड्रेस आहे. पोरांची मजा असते. तुमच्या गॅदरिंगला आफ्रिकेतून कोण बघायला येणार आहे?"

याचं उत्तर मी इथे सविस्तर देते, कारण फोन तिथेच ठेवला गेला.

पिशव्या वर्गात उघडल्या तेव्हा मुलं भोवती जमली होती. टोप एकाच्या डोक्यावर, भाला दुसऱ्याच्या हातात, हसणं-खिदळणं चाललं होतं. एका मुलाने सूचनांचा कागद मोठ्याने वाचायला घेतला. 'चेहरा, मान व हात काळे करावेत' इथे आल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "हिला रंग नको बाई, हिला अशीच उभी करा." सगळा वर्ग हसला. ज्या मुलीकडे बोट होतं, ती नऊ वर्षांची आहे. तिचे आईवडील कातकरी, पावसाळा सरला की वीटभट्टीवर असतात. ती खाली मान घालून दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. रडली नाही, काही बोलली नाही. मी त्या मुलाला बोलले, वर्गाशीही बोलले. पण ती त्या दिवसापासून नाचातून बाहेर आहे. तिला विचारलं तर एवढंच म्हणते, "मला नाय नाचायचं."

त्या मुलाला वाईट मुलगा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्याने तुमच्या कागदाचा अर्थ बरोबर लावला. काळा रंग, जाड ओठ, हातात भाला आणि समोर हसणारे लोक, हे सगळं एका ओळीत तुम्हीच मांडलं होतं. त्याने फक्त वर्गात अशी कोण आहे ते शोधलं.

तुमचे प्रतिनिधी फोनवर असंही म्हणाले की विठोबाचा, कृष्णाचा वेश घेताना मुलांना रंग लावतातच की. लावतात, आषाढीला आमच्या शाळेच्या दिंडीतही लावतात. पण विठोबा झालेल्या पोराला लोक वाकून नमस्कार करतात, त्याच्याकडे बघून कुणी खदखदा हसत नाही. तुमच्या संचात रंग लावायचा तोच मुळी हसण्यासाठी. हा फरक चौथीतल्या मुलांना कळतो, मोठ्या माणसांना तो न कळण्याचं कारण नाही.

हसण्यासाठी तोंड काळं करण्याच्या या प्रकाराला इतिहास आहे. अमेरिकेत 1830 च्या दशकापासून गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ मोठे रंगवून रंगमंचावर यायचे आणि गुलाम म्हणून राबणाऱ्या काळ्या माणसांच्या चालण्या-बोलण्याची टवाळी करायचे. त्यातल्या जिम क्रो नावाच्या एका गाजलेल्या सोंगाचंच नाव पुढे काळ्या लोकांना वेगळं बसवणाऱ्या, वेगळं शिकवणाऱ्या कायद्यांना पडलं. गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली, हे सोंग मात्र त्यानंतरही अनेक दशकं चालू राहिलं. तुमच्या कागदातले लाल जाड ओठ आणि वटारलेले डोळे तिथून आलेत. आफ्रिकेतल्या कुठल्याही गावातल्या नाचाशी त्यांचा संबंध नाही.

त्याच अमेरिकेकडे आमच्या जिल्ह्यातल्या एका घराण्याचा मुलगा कसा बघत होता, तेही सांगते. महात्मा जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं. त्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ते अर्पण केलं. रेडिओ नाही, टीव्ही नाही, अशा काळात पुण्यात बसलेल्या माणसाला सातासमुद्रापलीकडच्या गुलामांचं दुःख आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख एकच दिसलं. आमच्या शाळेने परवाच, 3 जानेवारीला, सावित्रीबाईंची जयंती साजरी केली. त्यांचं नायगावही याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्याच आठवड्यात त्याच शाळेत तुमची पिशवी उघडली गेली.

'आफ्रिकेतून कोण येणार आहे' या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आहे. चौथीला शिवचरित्र शिकवताना मी दरवर्षी मलिक अंबरबद्दल सांगते. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जमीन महसुलाची त्याने बसवलेली पद्धत त्याच्यानंतरही नावाजली गेली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी त्याच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच कामी आले. तेव्हा आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्या इतिहासात आधीपासून आहेत. वर्तमानातही आहेत. शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो, घरात कोकणी बोलतो, शेतीवर आणि जंगलात राबतो. 2003 मध्ये त्यांना तिथे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. भारताचे नागरिक आहेत आणि तरी प्रवासात त्यांना 'कुठल्या देशाचे' असं विचारलं जातं. आमच्या घाटावर पाचगणीच्या निवासी शाळांत परदेशातली आणि ईशान्य भारतातली मुलं शिकतात, सुटीला साताऱ्यातूनच येतात-जातात. तुमच्याच संकेतस्थळावर 'चायनीज' म्हणून डोळ्यांच्या कडा ताणायच्या चिकटपट्टीसह एक वेश आहे. ती मुलं तो बघत नसतील असं तुम्हाला वाटतं का?

अशी टवाळी पुढे कुठे जाते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत लाजपतनगरच्या बाजारात अरुणाचलच्या निडो तानिया या तरुण विद्यार्थ्याच्या केसांवरून, दिसण्यावरून शेरे मारले गेले. बाचाबाची झाली, मारहाण झाली आणि तो गेला. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारलं. एका मॉलमध्ये एका विद्यार्थ्याला लोक खुर्च्यांनी मारत होते, त्याचं चित्रण देशभर दिसलं. तिथे मारणाऱ्या लोकांनीही लहानपणी कुठल्यातरी स्नेहसंमेलनात 'झिंगालाला'वर टाळ्या वाजवल्याच असतील असं मी म्हणणार नाही, ते मला ठाऊक नाही. पण समोरचा माणूस आपल्यासारखा नाही, तो हसण्याची वस्तू आहे, हे कधीतरी शिकावं लागतं, आणि ते शाळेच्या रंगमंचावर शिकवलं जाऊ नये म्हणून मी हे पत्र लिहितेय.

आता संचाच्या नावातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे एक कोटीहून जास्त लोक आहेत. वारली, कातकरी, कोरकू, माडिया गोंड, भिल्ल, पावरा, ठाकर, महादेव कोळी. यांतलं कोण नाकात हाड घालतं? वारल्यांचा तारपा नाच आहे. तारपा वाजवणारा मध्ये आणि हातात हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती, वाजवणाऱ्याकडे कधी पाठ न करता फिरतात. तो नीट शिकायला आमच्या मुलांना महिना लागेल. तुमच्या कागदावरचं ओरडत गोल फिरणं शिकायला दोन मिनिटं लागतात, आणि बघणाऱ्याला वाटतं आदिवासी म्हणजे हेच. ज्या मुलीबद्दल वर लिहिलं, तिच्या घरातली माणसं मजुरीला जातात, मोबाइल वापरतात, तिच्या वडिलांनी मागच्या दोन्ही पालक सभांत सगळ्यांच्या आधी हात वर करून प्रश्न विचारले होते. तुमच्या पिशवीत त्यांना भाला दिलाय.

एक गोष्ट मी मुद्दाम तुमच्या पूर्ण यादीत तपासली. परी, राजकन्या, डॉक्टर, वैमानिक, झाशीची राणी, या सगळ्या वेशांच्या फोटोत उजळ रंगाची मुलं आहेत. राक्षसीण, चोर, भिकारी, 'जंगली', या वेशांत काळा रंग सोबत येतो किंवा फोटोतल्या मुलाला तो फासलेला असतो. सावळं मूल राजकन्या झालेलं एकाही फोटोत नाही. लग्नाच्या जाहिरातीतलं 'गोरी, सुस्वरूप' आणि बाळ जन्मल्यावरचं 'रंग कुणावर गेलाय?' हे आपल्या घराघरात आहेच, ते काही तुमच्या कंपनीने आणलेलं नाही. पण ते तुम्ही पिशवीत भरून, किंमत लावून शाळांना विकताय.

नाच आम्ही रद्द केला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत काळ्या मजुरांना पाणी साचलेल्या बोगद्यांत गमबूट घालून काम करावं लागायचं. त्या बुटांवर थापा मारून, पाय आपटून ते एकमेकांशी बोलायचे आणि त्यातूनच गमबूट नाच जन्मला. गमबूट आमच्याकडे घरोघरी आहेत, गोठ्यात, उसाच्या सऱ्यांत पाणी देताना घालतात. पालकांनी आपापले आणून दिले. मोठ्या मापात पाय बुडवून पोरं सध्या व्हरांड्यात सराव करतात आणि खाणमजुरांची गोष्ट आधी एकजण सांगतो. तुमच्या संचातलं यात काहीही वापरलेलं नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. माल संकेतस्थळावरच्या फोटोशी आणि वर्णनाशी जुळत नाही, म्हणून पाठवणावळीसह पूर्ण रक्कम शाळेच्या खात्यात परत करावी आणि सगळे संच तुमच्या खर्चाने घेऊन जावेत. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, डबी उघडली असो वा नसो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं झालं नाही तर शाळेच्या वतीने आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

पैसे परत मिळाले म्हणून ही तक्रार संपली असं मात्र समजू नये. हा संच, त्यातला सूचनांचा कागद आणि 'चायनीज' नावाचा वेश विक्रीतून आणि भाड्यातून काढावा. ज्या शाळांना या हंगामात तो गेला आहे, त्यांना तुम्ही लेखी कळवून परत मागवावा. जिल्ह्यात बऱ्याच शाळांची स्नेहसंमेलनं जानेवारीअखेरपर्यंत चालतात, त्यामुळे यात उशीर चालणार नाही. आफ्रिकेतली व्यक्तिरेखा विकायचीच असेल तर वजिराच्या पोशाखातला मलिक अंबर विका, नेल्सन मंडेलांचा नक्षीदार शर्ट विका, झाडं लावण्याच्या कामासाठी 2004 चं शांततेचं नोबेल मिळालेल्या वंगारी माथाई विका. सोबत रंगाची डबी नको. आणि राजकन्येच्या फोटोत सावळ्या मुलीही घ्या.

सूचनांच्या कागदाची आणि संकेतस्थळावरच्या जाहिरातीची छायाप्रत, पावती आणि उघडलेल्या पिशव्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. वर्गातल्या कोणत्याही मुलाचं नाव किंवा फोटो तुम्हाला दिला जाणार नाही, कृपया मागू नये. उत्तर फोनवर नको, लेखी आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने शाळेच्या पत्त्यावर पाठवावं.

कळावे,

आपली ग्राहक,
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी
सातारा