काका, कान दिल्याबद्दल

प्रिय काका,

त्या दिवशी तोंडी आभार मानले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत जिना उतरून गेलात. म्हणून आता लिहून मानते, तेही चारचौघांत. लाजायचं तर लाजा.

तीन आठवडे आमच्या वॉशिंग मशीनने घर डोक्यावर घेतलं होतं. स्पिन लागला की धडाधड आपटायचं आणि जागा सोडून वीतभर पुढे यायचं. तपासायला आलेल्या माणसाने ड्रमला एक हिसका दिला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलं." ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग बाहेरच्या टबात बसवलेलं, आणि टब सीलबंद, तो उघडत नाही, म्हणजे अख्खा टबच बदलायचा. आम्ही नवं मशीन बघायला लागलो होतो. तुमच्याकडे आले ती खरं तर माफी मागायला, कारण आमच्या धुण्याचा त्रास तुमच्या छताला होत होता.

तुम्ही विचारलंत, "आवाज कधी येतो?"

मी म्हटलं, "सारखाच."

"मशीन सारखं एकच काम करतं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग तुम्ही वर आलात, बादली पालथी घातलीत आणि तिच्यावर बसून डोळे मिटून अख्खं धुणं ऐकलंत. हत्याराला हातही लावला नाहीत. पाणी भरून झालं की एक 'ठक्' व्हायचं. तो व्हॉल्व्ह झटकन बंद झाल्याने पाइपातल्या पाण्याला बसलेला धक्का, त्याचा ड्रमशी संबंध नाही, म्हणालात. पाणी उपसताना पंप गुपचूप चालला, म्हणजे फिल्टरमध्ये नाणं किंवा बटण अडकलेलं नव्हतं. राहिले दोन: धुताना दर फेरीला एकदा येणारी 'खर्र' आणि स्पिनमधली आपटाआपट. मी तीन आठवडे एकच आवाज ऐकत होते, तुम्ही अर्ध्या तासात तीन वेगळे काढलेत.

मग प्लग काढून रिकामा ड्रम हाताने सावकाश फिरवायला लावलात. बेअरिंग गेलेलं असेल तर ड्रम सबंध फेरीभर गुरगुरतो, आणि मशीन चालू असताना वेगाबरोबर ती गुरगुर चढत जाते. ड्रमची कडा धरून वर उचलली तर तो बाहेरच्या टबात लटलट हलतो. आमचा हलला नाही. खरखर मात्र दर फेरीला नेमकी त्याच जागी यायची. तुम्ही टॉर्च मारलात आणि ड्रमच्या एका भोकातून डोकावणारं तारेचं टोक दाखवलंत. निमुळत्या पकडीने ओढल्यावर बोटभर लांबीची वाकडी तार बाहेर आली. ती ड्रम आणि टबाच्या मधल्या फटीत शिरून घासत होती. ती कशातली तार आहे हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याचे वेगळे आभार. तसले कपडे आता जाळीच्या पिशवीत घालूनच धुते.

आपटाआपटीचा दोष सर्वस्वी माझा. मागची फरशी पुसायला मशीन ओढलं होतं, आणि परत सरकवल्यावर मागचा एक पाय अधांतरीच राहिला होता. त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सारली होती. ती तुम्ही दोन बोटांत धरून अशी बाहेर काढलीत की मला शाळा आठवली. समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून दाबायचे, डुगडुग थांबेपर्यंत पाय फिरवायचा, वर बुडबुड्याची लेव्हल ठेवून मशीन सपाट आहे का बघायचं आणि शेवटी पायावरचा नट वर बॉडीला घट्ट आवळायचा. हा शेवटचा नट आवळला नाही तर हादऱ्यांनी पाय पुन्हा फिरतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मशीन आणलं तेव्हा मागचे वाहतुकीचे बोल्ट, म्हणजे वाटेत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, काढले होते का, हेही विचारलंत. ते चारही ड्रॉवरमध्ये सापडले, तेवढी एक गोष्ट आम्ही बरोबर केली होती.

बिलाच्या मागे तुम्ही केलेलं गणित मी जपून ठेवलंय. ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर धरली, तर मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगात एका बाजूला गोळा झालेला अर्धा किलो ओला कपडा जवळजवळ २०० किलो वजनाच्या जोराने ड्रमला बाहेर रेटतो. त्या दिवसापासून जाड पायपुसणं एकटं लावत नाही.

ड्रम खाली दाबून सोडल्यावर तो एकदा वर येऊन थांबायला हवा, आमचा दोन-तीनदा हिंदकळतो. शॉक अॅब्जॉर्बर दमलेत, ते आज ना उद्या बदलावे लागतील, हेही तुम्ही लपवलं नाहीत. पण ते दोन दांडे बदलणं कुठे आणि अख्खं मशीन बदलणं कुठे!

परवा धुणं लावून मी आत वाचत बसले होते. स्पिन केव्हा संपला ते कळलंच नाही, दाराचं कुलूप सुटल्याचा टिक् ऐकू आला तेव्हा उठले.

तुमचा पाना आमच्याकडेच राहिलाय, संध्याकाळी आणून देते. पाणी भरल्यावरचा 'ठक्' मात्र अजून येतो. तो तुम्हाला खाली ऐकू येत असेल तर सांगा. बादली पालथी घालून ठेवते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची